तळे मोडी

पहिले वाचन : लांबून

सुभेदार तलावाचे पाणी पौष संपता संपता सोडले, आणि माघाच्या पहिल्या आठवड्यात झाशीतली निम्मी माणसे तळ्याच्या तळाशी उभी होती.

पाणी सोडायचे कारण साधे होते. आगगाडीच्या इंजिनांना याच तळ्याचे पाणी जाई. बांधातली जुनी मोरी ढिली झाली, दुरुस्तीसाठी तळे रिकामे करावे लागले. पाणी उतरले तशा आधी पायऱ्या उघड्या पडल्या, मग एका छत्रीचे चार खांब, मग हौदाची पडकी भिंत. सगळ्यांत शेवटी, अगदी मधोमध, कंबरभर उंचीचा एक दगड. माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले. त्याखाली चार पायांचे जनावर. जनावराखाली आडवी पडलेली बाई. आणि बाईच्या खाली अक्षरांची एक ओळ.

दीडशे वर्षांच्या पाण्याने चित्रे झिजवली होती, अक्षरांवर मळाचा थर होता. जनावराचे कान तेवढे शाबूत होते. लांब होते.

"सीतला मैया प्रकट भई हैं," कुणीतरी म्हणाले.

शीतलादेवीचे वाहन गाढव, हे झाशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या वर्षी गावात देवीची साथ होती. दारोदार कडुलिंबाच्या डहाळ्या लटकत होत्या. अशा वेळी गाढवासकट देवी चिखलातून वर येते, तर माणसाने दुसरे काय समजावे?

देवी आधी आली आणि बाबा मागून, हे मात्र ध्यानात ठेवा. बाबा तिसऱ्या दिवशी आला. लोक त्याला कीचवाले बाबा म्हणू लागले. दोन्ही दंडांना त्याने चिखलाचा जाड लेप दिलेला असे, त्यावर पितळी कडी. बाकी अंग उघडे, चेहरा नव्या परातीसारखा गुळगुळीत. तिन्हीसांजेला तो चिखलात त्रिशूळ खुपसायचा, उपसायचा, भोकावर पेटता कापूर धरायचा. भप्पकन निळी ज्योत उठायची.

"देखो, मैया साँस ले रही हैं. जागत हैं मैया."

मग तो अंगभर फोड आलेले एखादे लेकरू मांडीवर घ्यायचा आणि त्याच्या कपाळाचे चुंबन घ्यायचा. ज्या पोराला सख्खी मावशी शिवत नव्हती, त्याचे. "हमें मैया नहीं छूती," तो म्हणायचा. "हम मैया की गोद के हैं."

पाच हजार माणसे एकदम हात जोडायची. ज्योतीपेक्षाही त्या चुंबनाने.

दुसरे वाचन : बाबाचे

दगडावरची ओळ अशी होती :

*जो हे तळे मोडी त्याचे मायेवर गाढव*

अक्षरे बाळबोध, म्हणजे हिंदी वाचणाऱ्यालाही लागणारी. भाषा मराठी. बाबाला मराठी येत नव्हते. 'ळ' त्याने जन्मात पाहिला नव्हता. तो त्याला 'ल'चाच दागिने घातलेला भाऊ वाटला. पण अडेल तो बाबा कसला?

"पढ़ो बेटा. 'तले मोड़ी'. तले माने नीचे. और मोड़ी?"

"बिटिया," गर्दी म्हणाली. बुंदेलीत मुलीला मोड़ीच म्हणतात.

"तो मैया क्या कै रही हैं? मोड़ी को तले लाओ. हमाए पास, नीचे. और आगे? 'मायेवर गाढव'. मैया पर गाढ़ा भाव. पतला भाव नहीं चलेगा, पानी जैसा. कीच जैसा चाहिए."

"गाढ़ा भाव," गर्दी म्हणाली.

भाव गाढा होता की नाही कोण जाणे. बाबाला येणारे दूध मात्र गाढे लागे. पातळ आले तर तो परत धाडी.

अशा रीतीने तापाने फणफणलेल्या मुली दगडाखालच्या ओल्या चिखलात दोन-दोन घटका निजवल्या जाऊ लागल्या. टीका, म्हणजे देवीची लस, टोचून घेतला तर मैया तोंड फिरवील, असेही बाबाने सांगितले. मैयाला पुन्हा बुडवणे पाप, म्हणून तळे आता भरायचे नाही, असेही. आणि बांधाचे घडीव दगड काढून त्याने स्वतःला ऐसपैस चौथरा बांधून घेतला.

तिसरे वाचन : रमाकांतचे, तोंडातल्या तोंडात

रमाकांत आगगाडीच्या कारखान्यात कारकून होता. त्याचे पणजोबा दक्षिणेतून सुभेदाराच्या दफ्तरात आले, तेव्हापासून घर झाशीचे. दगडावरचा मळ धुतला त्या संध्याकाळी तो काळा कोट घालून तळ्यावर गेला, ओळ वाचली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि घरी येऊन जेवला.

"काय निघालं हो तळ्यात?" वहिनीने ताट वाढताना विचारले.

"जुना दगड आहे कसलासा."

झाशीत मराठी वाचणारी शंभरेक घरे असतील. बरेच पुरुष जाऊन आले. सगळ्यांनी वाचले आणि सगळे गप्प बसले. सभ्य माणसे होती.

ज्यात शब्द नाहीत

अंबिका. वय सहा.

ताप सोमवारी. फोड गुरुवारी. चिखलात शनिवारी. पुन्हा मंगळवारी. पुन्हा शुक्रवारी, तेव्हा ती चालत नव्हती, आजीने उचलून नेली.

रविवारी.

चौथे वाचन : आईचे

अनुसूया म्हणजे रमाकांतची वहिनी, अंबिकेची आई. नवरा जाऊन दोन वर्षे झालेली, अंगावर तांबडे आलवण. विधवेचे पाऊल देवीच्या ठिकाणी चालत नाही, म्हणून तिन्ही वेळा तिला घरात बसवून सासूबाई मुलीला घेऊन गेल्या होत्या.

अंबिकेला ताप आला त्याच्या महिनाभर आधी भीमराव येऊन गेले होते. ते सरकारी टीका टोचणारे, मराठी घरांत त्यांना देवी डॉक्टर म्हणत. दारात उभे राहून ते म्हणाले होते, "मुलींच्या देवी काढून घ्या, टीका टोचून घ्या, साथ वाढते आहे."

"ज्या देवीची ओटी भरायची, तिला काढायची?" सासूबाई म्हणाल्या. "काढायला ती काय ताटातला केस आहे?"

भीमराव हसले, आणि गेले. अनुसूया आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही. हे ती स्वतःला पुढे कधी विसरू देणार नव्हती.

मुलगी गेल्यावर चौदाव्या दिवशी भर दुपारी, बाबा दूध पिऊन घोरत असताना, ती तळ्यात उतरली. सागर गावी, माहेरी, वडिलांनी तिला अक्षरे शिकवली होती. मुलगी कुठे निजवली होती, ते चिखलातल्या वळ्यांवरून शोधता येते का, हे तिला पाहायचे होते. तसे काही दिसत नव्हते. मग तिने मान वर केली आणि ओळ वाचली.

पहिल्यांदा तिला हसू आले. हे तिने कुणाला सांगितले नाही.

संध्याकाळी रमाकांत कोट खुंटीला लावत होता.

"भावोजी, दगडावर काय लिहिलंय?"

"वहिनी, ते बायकांपुढं बोलण्यासारखं नाही."

"तुम्ही कधी वाचलंत?"

"मळ धुतला त्या दिवशी."

"म्हणजे अंबिका अंगणात सागरगोटे खेळत होती, तेव्हा."

तो कोटाची बाही सरळ करत राहिला. "मला वाटलं, कुणीतरी सांगेल."

"कोण?"

 आतून सासूबाईंची हाक आली. विद्येच्या नव्या परकराला काठ कुठला लावायचा, हे विचारायला. विद्या ही रमाकांतची मुलगी, आठ वर्षांची, एकुलती, ठणठणीत. होळीनंतरच्या अष्टमीला गावातल्या सगळ्या मुलींनी, आजारी असोत की धडधाकट, दगडाखाली एकत्र बसावे, असे बाबाने फर्मावले होते. सासूबाई विद्येचे नाव बोलून बसल्या होत्या.

"तिला पाठवणार?" अनुसूयेने विचारले.

"आईपुढं माझं काय चालतं?"

अष्टमीला चार दिवस होते. त्या चार दिवसांत अनुसूयेला दोनच गोष्टी हव्या होत्या. विद्या त्या चिखलात बसता कामा नये. आणि अंबिकेला ज्यांनी बसवले, आणि ज्यांनी बसू दिले, त्यांतला एकही ताठ मानेने घरी जाता कामा नये. पहिली गोष्ट मायेची होती असे तुम्हाला वाटेल. तिलाही तसे वाटायला हवे होते. पण त्या दिवसांत तिच्या काळजात दुसऱ्या गोष्टीचाच जाळ होता.

पाचवे वाचन : भीमरावांचे, वाया गेलेले

भीमरावांनी अनुसूयेचे सगळे ऐकून घेतले.

"ज्योतीचं काय घेऊन बसलात," ते म्हणाले. "तळ्याच्या बुडाशी दीडशे वर्षांचा पाला कुजलाय. कुजलं की वायू धरतो. वर चिखलाचं झाकण असतं. भोक पाडलं की वायू वर येतो, आणि काडी लावली की पेटतो. उद्या दाखवतो सगळ्यांना."

दुसऱ्या संध्याकाळी ते तळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे ना दगड ना देवी. उरल्यासुरल्या डबक्यात त्यांनी काठीने तळ ढवळला, बुडबुड्यांवर पाणी भरलेला लोटा पालथा धरला, वायू साठवला, आणि लोकांदेखत पेटवला. निळी ज्योत. अगदी बाबासारखी.

"यात मंत्र नाही," भीमरावांनी हिंदीत समजावले. "कोणालाही जमतं. या, करून बघा."

 मग एक म्हातारी पुढे झाली आणि भीमरावांच्या पायांवर डोके टेकून म्हणाली, "महाराज, हमाए घुटनों में पिरात है."

त्यांनी पाय मागे घेतला, तर मागून दुसऱ्याने धरला. अनुसूयेकडे ते परत आले तेव्हा त्यांच्या गळ्यात झेंडूची माळ होती.

"अनुसूयाबाई, मी बाबा पाडायला गेलो आणि गावात बाबा दोन झाले."

तिला हसू आले नाही. "ज्योत जाऊ दे. पोरांना उराशी धरतो आणि याला काही होत नाही. त्याचं काय?"

भीमराव माळ काढता काढता थांबले. "देवी एकदा येऊन गेली की पुन्हा येत नाही. पण येऊन गेली तर तोंडावर व्रण राहतात. याचं तोंड बघितलंत? एक खड्डा नाही." ते आपल्याशीच बोलावे तसे बोलले. "मग राहिलं एकच. आणि त्याची खूण तोंडावर नसते."

"कुठं असते?"

त्यांनी आपला दंड दाखवला.

सहावे वाचन : मोठ्याने

अष्टमीची सकाळ. लोकांनी शिळे अन्न खाऊन, थंड पाण्याने न्हाऊन, लेकी तळ्यावर आणल्या. चौथऱ्यावर बाबा. दगडाखाली दोन मुली आधीच आणून ठेवलेल्या, दोघींच्या अंगावर पिकलेले फोड. बाकीच्यांनी त्यांना चिकटून बसायचे होते. पायऱ्यांवर रांग. रांगेत चौथी विद्या, सासूबाईंचे बोट धरून, हिरव्या काठाच्या परकरात. मागे रमाकांत. काळा कोट.

तांबडे आलवण येताना दिसले तशी गर्दी बाजूला झाली. सणाच्या दिवशी विधवेची सावली कुणाला नको होती. अनुसूयेला आयती वाट मिळाली. तिने विद्येचा दुसरा हात धरला.

"सासूबाई, मी नेते हिला खाली."

सासूबाई इतक्या चकित झाल्या की त्यांनी बोट सोडले. अनुसूया विद्येला घेऊन शेवटच्या पायरीपर्यंत उतरली. तिथून चिखल एक हात. ती वळली.

"भावोजी, ही ओळ वाचा."

"वहिनी, लोक बघतायत."

"लोकांसाठीच वाचायची."

"घरी चला. घरी बोलू आपण."

"वाचा. नाहीतर हिला त्या दोघींच्या मध्ये नेऊन बसवते. पोर गेल्यावर घर कसं लागतं ते मला ठाऊक आहे. तुम्हालाही कळू दे."

तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच रमाकांत दोन पायऱ्या खाली उतरला. तिने खरेच बसवले असते का? हे तिला पुढे कित्येक वर्षे झोप लागू देणार नव्हते, कारण उत्तर तिला माहीत नव्हते. विद्येने मात्र काकूचा हात घट्ट धरला होता. तिचा काकूवर विश्वास होता.

रमाकांतने ओळ वाचली. पुटपुटला.

"मोठ्याने."

तो मोठ्याने बोलला. गर्दीला काही कळले नाही.

"हिंदीत."

त्याने कोटाचे वरचे बटण सोडले. "जो कोई यह तालाब तोड़े..." घसा साफ केला. "उसकी महतारी पर गदहा."

क्रियापद दगडावरही नव्हते. ते लोकांनी आपापले घातले.

"झूठ," बाबा गरजला. "मैया की बानी है. तले मोड़ी..."

"तले नहीं, तळे," रमाकांत म्हणाला. लाज एकदा गेल्यावर त्याला आवाज सापडला होता. "तळे माने तालाब. मोडी माने तोड़े. मोड़ी-वोड़ी इसमें कोई नहीं. गाढव माने गदहा, भाव-वाव कुछ नहीं. पुराने लोग तालाब बचाने को ऐसी गाली खोदकर गाड़ देते थे. यह देवी नहीं है भैया. यह नोटिस है."

 मग मागच्या पायरीवरून एक म्हातारा कुंभार म्हणाला, ज्याचा जन्म गाढवांत गेला होता, "हमने तो पैले दिना सोची ती. मैया गदहा पै बैठत हैं. जौ गदहा मैया पै कब से बैठन लगो?"

कुणीतरी फिस्सकन हसले. मग दहा जण. मग तळेभर.

"और तालाब तोड़ो कौन ने?" कुंभार बाबाच्या चौथऱ्याकडे, बांधाच्या उपटलेल्या दगडांकडे बघत म्हणाला. "सो महतारी कौन की भई?"

बाबाने हसू ओसरू दिले. कच्चा नव्हता तो. त्याने दोन्ही हात वर केले.

"हँस लो. पत्थर गाली है तो गाली सही. पर हम? चालीस मोड़ियाँ गोद में लीं हमने, पके फोड़ों की पीब में सनीं. हमें मैया ने क्यों नहीं छुआ? एक दाना दिखाओ हमारे तन पर."

हसणे थांबले. दोन-चार हात जोडले गेले. एका बाईने पोरीला पुन्हा पुढे ढकलले.

"दाना नको, बाबा," अनुसूया म्हणाली. "दंड दिखाओ."

तिच्या हिंदीत मराठी शब्द शिरला. तिला बाहू म्हणायचे होते. लोकांना शिक्षा ऐकू आली. बाबाला दोन्ही कळले, कारण त्याचा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला.

ते तीन बायकांनी पाहिले. त्या तिघींच्या घरी गेल्या महिन्यात अंबिकेच्या वयाच्या मुली होत्या, आता नव्हत्या. त्यांनी त्याला धरले. पूजेचे लोटे होतेच. अनुसूयेने स्वतः पाणी ओतले आणि अंगठ्याने चिखल चोळून काढला, मूर्तीला न्हाऊ घालावे तसा. कडी खाली सरकली. दंडावर मसुरीच्या डाळीएवढे दोन खोलगट वण. दुसऱ्या दंडावर दोन.

गर्दीत थांबलेले भीमराव पुढे येऊन वाकले. "टीके के निशान," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "बचपन के नहीं हैं. आठ-दस बरस के होंगे. सोच-समझकर लगवाए हैं."

कुणी हसले नाही. तिघींतली एक अगदी हळू म्हणाली, "अपने लानें टीका, और हमाई मोड़ी के लानें कीच?"

बाबाने पळायचा प्रयत्न केला, तो चौथऱ्यावरून मधल्या चिखलात गेला आणि मांड्यांपर्यंत रुतला. पुरुष लाठ्या घेऊन धावले. बायकांनी त्यांना अडवले. आजारी मुलींना उचलून वर आणले, आणि बाबाला तिथेच राहू दिले. मग ज्यांच्या मुली गेल्या होत्या त्या एकेक करून शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि त्याला मुलीचे नाव सांगून परत गेल्या. एवढेच. दुपारी कोतवालीतले शिपाई येईपर्यंत हे चालले होते. नावे सतरा झाली.

"अंबिका," अनुसूया म्हणाली.

"माफ कर दो, माई."

"नाही," ती मराठीत म्हणाली, आणि ते त्याला समजले.

पुढे तिने त्याला मनातून क्षमा केली असे कुणी सांगितले, तर ते खोटे समजा. रमाकांतलाही केली नाही. तो त्या दिवसापासून तिच्यासमोर बसून जेवत नसे. सासूबाईंनी अंबिकेचा सागरगोट्यांचा डबा आपल्या उशाशी ठेवला आणि बोलणे टाकले.

भीमरावांनी बांधावर पेटी उघडली. पहिली विद्या. अनुसूयेने तिला मांडीवर घेऊन दंड धरला. सुई टोचली तशी पोर भोकाड पसरून रडली. रांग तिच्यामागे पायऱ्या चढून पार सडकेपर्यंत गेली होती, आणि त्या रांगेत भीमरावांच्या पाया पडणारी म्हातारीही नातीला घेऊन उभी होती.

मोरी दुरुस्त झाली, पावसाळ्यात तळे भरले, इंजिने पाणी पिऊ लागली. दगड जागच्या जागी आहे. पाणी पुन्हा कधीतरी उतरेल, या तळ्याचे नाहीतर दुसऱ्या कुठल्या. काहीतरी वर येईल, आणि त्याचा अर्थ सांगायला कुणीतरी येईल. त्या वेळी ज्यांना वाचता येत नाही त्यांनी दहा जणांना विचारावे : हे काय लिहिले आहे, आणि तुम्हाला कसे कळले? ज्योत दिसली तर ती दुसऱ्या जागी पेटते का, ते पाहावे. माणूस दुखण्याला भीत नसेल तर का भीत नाही, ते शोधावे.

आणि ज्यांना वाचता येते, त्यांनी मोठ्याने वाचावे. शब्द घाण असला तर मागाहून चूळ भरावी. घरोघर पाणी असते.